आयकर पत्रकात दर्जा चुकला असेल तर



उसाच्या बिलावर आयकर नाही. पण ठेवीचे व्याज, गाळ्याचे भाडे यांवर आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचे भाडे कर्ता स्वतःच्या नावे दाखवतो, तिथेच दर्जा चुकतो. म्हणून आम्ही सांगतो, आधी पॅन पाहा. चौथे अक्षर ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. हे दोन वेगळे करदाते. नुसती खूण बदलून भागत नाही. मुदतीत सुधारित पत्रक भरून ते उत्पन्न स्वतःच्या पत्रकातून काढावे आणि कुटुंबाच्या पॅनवर दाखवावे. भाडेकरूला व बँकेलाही योग्य पॅन द्यावा. नाहीतर कापलेला कर भलत्याच नावावर जमा होऊन परतावा अडकतो. मात्र स्वकष्टाची मिळकत कुटुंबात घातली म्हणून कर वाचत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.