दिव्यांगत्वाविषयीची अवमानकारक भाषा आणि बोलण्याचे धैर्य : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
भाषा हे विचारविनिमयाचे साधन आहे, त्याचप्रमाणे ती समाजाच्या दृष्टिकोनाची निदर्शकही असते. खेडेगावात एखाद्याचे घर विचारले असता 'त्या लंगड्याच्या घराशेजारी' असे उत्तर सहज मिळते. त्या माणसाचे नाव सर्वांना ठाऊक असते. तरीही त्याची ओळख त्याच्या पायावरून दिली जाते. 'वासरात लंगडी गाय शहाणी' यासारख्या म्हणी आपण वर्गातही वापरतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. आपले बोलणे त्यांपैकी कोणीतरी ऐकत असते. अशा भाषेला आक्षेप घेण्यास सुशिक्षित माणूसही का कचरतो आणि ते धैर्य कसे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्द आणि कायदा :
विदर्भाने या शब्दांचा प्रवास जवळून पाहिला आहे. बाबा आमटे यांनी वरोरा येथे १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'महारोगी सेवा समिती' असे आहे. आज 'महारोगी' हा शब्द व्यक्तीसाठी वापरणे अनुचित मानले जाते. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि तो शासनव्यवहारात रूढ झाला. हा शब्द वास्तव झाकतो, असा आक्षेपही काही दिव्यांग व्यक्तींनी घेतला. तात्पर्य, केवळ शब्द बदलल्याने वृत्ती बदलत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी मानहानीच्या उद्देशाने हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा प्रकरणात, दिव्यांगत्व समजून घेण्यास साहाय्य करणारा विनोद आणि दिव्यांगांना हीन लेखणारा विनोद यांत भेद केला. 'पीडित', 'ग्रस्त' अशा अर्थाच्या शब्दांविषयीही न्यायालयाने सावध केले.

तथापि कायद्याला हेतू सिद्ध व्हावा लागतो. प्राध्यापक कक्षातील थट्टा बहुधा हेतूविना आणि संबंधिताच्या अनुपस्थितीत होते. तेथे कायदा पोहोचत नाही. सहकाऱ्याचा शब्दच पोहोचू शकतो.

न दिसणारे दिव्यांगत्व :
२०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे. गोंदियासह पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांध्यांत तीव्र वेदना होतात. थंडी, अतिश्रम किंवा शरीरातील पाणी कमी होणे ही निमित्ते पुरतात. एरवी विद्यार्थी धडधाकट दिसतो. म्हणून त्याच्या वाट्याला 'आळशी', 'बहाणेबाज' ही विशेषणे येतात. ए.एस. म्हणजे केवळ वाहक असलेल्या व्यक्तीलाही विवाहप्रसंगी 'रोगी' ठरविले जाते.

मौन आणि त्यावरील मार्ग :
काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, वारंवार गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थिनीला आपण भर वर्गात 'कामचोर' म्हटल्याचे हसत सांगितले. ती एस.एस. म्हणजे सिकलसेलची रुग्ण असल्याचे प्रस्तुत लेखकास तिच्याकडूनच ठाऊक होते. सरांचे वय, कक्षातील हशा आणि तिचे गुपित फुटण्याची भीती, या तीन कारणांनी लेखक गप्प राहिला. पुढे ती त्या विषयाच्या तासाला येईनाशी झाली. महिनाभराने लेखकाने सरांना एकांतात म्हटले, "सर, आपल्या भागात सिकलसेल आहे. गैरहजेरीचे कारण वर्गाबाहेर विचारलेले बरे." ते रागावले नाहीत. "मला हे कुणी सांगितलेच नाही," एवढेच म्हणाले. त्या महिन्याचे मौन मात्र लेखकाचे स्वतःचे होते.

या अनुभवातून काही बाबी स्पष्ट होतात. आक्षेप व्यक्तीवर नव्हे, शब्दावर घ्यावा. ज्येष्ठांशी शक्यतो एकांतात बोलावे. मात्र दुखावलेली व्यक्ती समोर असल्यास त्याच क्षणी बोलावे, कारण त्या वेळचे मौन तिला संमतीसारखे वाटते. कोणाचाही आजार तिच्या परवानगीवाचून उघड करू नये. आणि आपल्याला कोणत्या शब्दाने संबोधावे, हे त्या व्यक्तीलाच विचारावे.

निष्कर्ष :
धैर्य हा जन्मजात गुण आहे असे मानून आपण स्वतःला सूट देतो. वास्तविक एक साधे, आदरयुक्त वाक्य मनाशी तयार असले, तर ते वेळेवर उच्चारता येते. उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. प्रवेश मिळालेला विद्यार्थी वर्गात टिकतो की नाही, हे मात्र आपण काय बोलतो आणि काय ऐकून घेतो, यावरही अवलंबून असते.