‘खाक्या’ दाखविताच

हेरमालिकांतील नायक छळाचे समर्थन करतो काय, हा प्रश्न बहुधा नीतीच्या अंगाने विचारला जातो. व्याकरणाच्या अंगाने तो अधिक उलगडतो. यवतमाळच्या वाचकासही परिचित असे वृत्तपत्रीय वाक्य घ्या: ‘पोलिसी खाक्या दाखविताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ येथे मारणारा नाही, मारही नाही. ‘-ताच’ हा प्रत्यय तात्कालिकता सांगता सांगता कार्यकारणभाव सुचवितो, आणि कबुली म्हणजे सत्य, हे वाचक आपणहून धरून चालतो. कायदा तसे धरीत नाही. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही (कलम २३) कायम आहे.

‘२४’ ही अमेरिकन मालिका (२००१–१०, हिंदी रूप २०१३) त्याच वाक्याचा विस्तार होय: घड्याळ धावते, नायक छळतो, माहिती बहुधा खरी निघते. नायक खिन्न होतो खरा. परंतु ती खिन्नता छळाचे मोल ठरते, त्याच्या निष्फळतेचा पुरावा नव्हे. म्हणूनच निर्मळ नायकापेक्षा हा संदिग्ध नायक अधिक पटतो. वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीचे अधिष्ठाते पॅट्रिक फिनेगन यांनी २००६ साली निर्मात्यांची भेट घेतली, ती याच कारणाने: छळ फसलेलाही दाखवा, कारण मालिका पाहणाऱ्या छात्रांना युद्धाचे कायदे पटविणे अवघड जाते.