पडद्यामागचं तंत्र – भाग ७ : काळोख दाखवायचा कसा?

हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचं रावणदहन टीव्हीवर पाहताना नजर पेटलेल्या पुतळ्यावर खिळते. टीव्हीची खरी परीक्षा मात्र मागच्या आभाळात असते. एलसीडीच्या पडद्यामागे दिवे असतात. पिक्सेल मिटला तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून आभाळ राखाडी दिसतं, ज्वाळांभोवती फिकट वलय उमटतं. ओएलईडीत मागचा दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा तर चक्क विझतो. सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर असा उजेड काढण्याची रीत कोडॅकमधल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली मांडली. २००७ मध्ये सोनीचा ११ इंची ओएलईडी टीव्ही आला.

काळा इतका खरा झाला की त्याच्या शेजारचं सगळं उघडं पडतं. थेट प्रक्षेपणात डेटा वाचवायचा तर अंधारातल्या तपशिलावर आधी कात्री चालते. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या, त्यातल्या काळोखाच्या वाट्याला मोजक्याच. मग फटाक्यांच्या धुराऐवजी पट्टे आणि चौकोनी ठिगळं दिसू लागतात. प्रोसेसर ते पट्टे सपाट करतो. हात जरा जड पडला की धूरही पुसून टाकतो. माझ्या मते टीव्हीची पारख इथंच करावी. दुकानात झगमगीत डेमो चालू असतो, तोही ‘व्हिव्हिड’ मोडवर. आपण पेन ड्राइव्हमध्ये रात्रीचा एखादा व्हिडिओ नेऊन लावायला सांगावा, आणि मोडही बदलायला लावावा.

आता आकडे पाहा. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेलचं. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल, बरोबर वीसपट. म्हणजे विसातले एकोणीस प्रोसेसरनं अंदाजानं भरलेले. एट-केवर ऐंशीतले एकोणऐंशी! घरी मुख्यतः केबल बघणाऱ्यानं एट-केसाठी पैसे मोजू नयेत, चांगल्या प्रोसेसरसाठी जरूर मोजावेत.

सिनेमाची गोष्ट वेगळी. तो सेकंदाला २४ चौकटींचा. ओएलईडीचा पिक्सेल क्षणात बदलतो, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र धक्के खात सरकतं. ते लपवायला टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचतो आणि सिनेमाला मालिकेची कळा येते. क्रिकेटला हे चालतं; सिनेमाला ‘फिल्ममेकर मोड’ लावा, तो ही लुडबूड बंद करतो.

घरात दिवसभर बातम्या चालू असतील तर मात्र जपा. वाहिनीचा लोगो आणि खालची ठळक पट्टी तासन् तास एकाच जागी राहते. तिथले पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि पुसट ठसा कायमचा राहतो. टीव्ही चित्र किंचित सरकवतो, लोगो मंद करतो, बंद असताना पिक्सेलची झीज मोजून भरपाई करतो. या शेवटच्या कामासाठी त्याला वीज लागते, तेव्हा रात्री टीव्ही रिमोटनं बंद करा. भिंतीवरचं बटण लगेच दाबू नका.