आपल्याच रक्ताचे पैसे कसले?

गेल्या आठवड्यात ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ दवाखान्यात आले. वडिलांच्या खुब्यात पूर्वी बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाला आहे, तो शहरात जाऊन बदलायचा आहे. हातात खर्चाचा कागद. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशनात वाहणारं बाबांचंच रक्त धुऊन बाबांनाच परत देणार, आणि त्याचे पैसे वेगळे! घरच्याच रक्ताचे पैसे कसले?"

प्रश्न रास्त आहे. जखमेतले रक्त नळीने ओढून घेताना त्यात ते गोठू नये म्हणून औषध मिसळतात. ते गाळून एका भांड्यात साठते. मग यंत्रात वेगाने फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करतात, सलाइनने धुतात आणि शिरेवाटे परत देतात. यंत्र लाखांच्या घरातले, पण ते एकदाच घ्यायचे. नळ्या आणि भांड्यांचा संच मात्र प्रत्येक रोग्याला नवा लागतो. कागदावरचे पैसे मुख्यतः त्याचे.

आता हिशेब. आपल्याकडे रक्त विकायला बंदी आहे. रक्तपेढी घेते ते तपासणी-साठवणीचे शुल्क. २०२२ मध्ये ठरवून दिलेली कमाल मर्यादा तांबड्या पेशींच्या पिशवीला सरकारी रक्तपेढीत १,१०० आणि खाजगीत १,५५० रुपये. समजा, संच दहा हजारांना पडला, तर सहा-सात पिशव्या वाचल्या तरच पैसे वसूल. हर्नियाच्या ऑपरेशनात हे यंत्र लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ब्रिटनमध्ये सिझेरियनच्या तीन हजारांवर स्त्रियांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्राविना शंभरात साडेतीन जणींना दुसऱ्याचे रक्त लागले, यंत्र लावून अडीच जणींना. एवढ्या फरकासाठी सरसकट खर्च परवडत नाही.

पण पिशवीची खरी किंमत पावतीवर नसते. गट निगेटिव्ह असला की रात्री जीप करून जिल्ह्याला धावलेल्यांना ते विचारा. इंटर्नशिपच्या दिवसांत ग्रामीण रुग्णालयात एक बाई आली. गर्भ नळीत राहून नळी फुटलेली, पोटात रक्त साचलेले, आणि रक्तपेढी तीन तासांवर. आमच्या सरांनी पोटातले ताजे रक्त निर्जंतुक पळीने काढले, गॉजच्या अनेक घड्यांतून गाळून सायट्रेटच्या बाटलीत भरले आणि तिलाच चढवले. बाई वाचली. यंत्र नाही, संच नाही, खर्च गॉजचा.

असे रक्त कुठेही चालत नाही, हेही सांगतो. आतडे फुटून घाण झाली असेल किंवा सांध्यात पू असेल तर ते वापरत नाहीत. कर्करोगात सर्जन विचार करून ठरवतात.

बसवलेला सांधा बदलताना रक्त बरेच जाते, तेव्हा इथे यंत्राला अर्थ आहे. गृहस्थांना म्हटले, "सर्जनना एवढंच विचारा, आधी फक्त रक्त गोळा करायचं भांडं लावता येईल का? पुरेसं साठलं तरच बाकीचा संच उघडायचा." बऱ्याच ठिकाणी तसे करतात, आणि रक्त कमी गेले तर निम्मा-अधिक खर्च वाचतो.

मग म्हटले, बाबांचे हिमोग्लोबिन किती? कागदात कुठेच नव्हते. तपासले तर नऊ. अशा माणसाचे थोडे रक्त गेले तरी पिशवी लागणारच. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, रक्त कुठे झिरपते आहे का ते पाहायला शौचाची तपासणी सांगितली, आणि सर्जनना फोन केला. तारीख सहा आठवडे पुढे गेली आहे.