पानाच्या शिरांची नोट

अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत चांदी टिकत नसे. इंग्लंडहून आलेल्या मालाच्या मोबदल्यात ती परत जहाजावर चढे. मग स्पॅनिश डॉलर मिळतील तेवढे वापरायचे. व्हर्जिनियात तर तंबाखूनेच देणी भागत. मॅसेच्युसेट्सने १६९० मध्ये सैनिकांचे पगार द्यायला कागदी नोटा काढल्या. पेनसिल्व्हेनियाने १७२३ पासून जमीन तारण घेऊन नोटांत कर्ज द्यायला सुरुवात केली.

या नोटा गावातल्याच छापखान्यात छापल्या जात, आणि नकली नोटवाल्यांचं तिथेच फावे. छपाईचे अक्षरखिळे कोणीही जुळवावेत, तांब्याचा पत्रा कोणाही हुशार कारागिराने कोरावा. नक्कल करणाऱ्याला मृत्युदंड, अशी ताकीद नोटेवरच असे. तिने कोणी फारसं दबकत नसे.

फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७२९ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, कागदी चलनाची बाजू मांडणारी पुस्तिका छापली. पुढे नोटा छापायचं कामही त्यालाच मिळालं. त्याचा मित्र जोसेफ ब्रेंटनॉल झाडाच्या पानांना शाई लावून कागदावर ठसे घेत असे. फ्रँकलिनने पानाचा ठसा प्लास्टरमध्ये घेऊन त्यावरून धातूचा ठोकळा ओतवला आणि तो खिळ्यांच्या शेजारी फर्म्यात बसवला. १७३७ च्या सुमारास न्यू जर्सीच्या नोटांवर ही पानं आली.

नोटेची मागची बाजू बघावी. मधली शीर ठसठशीत, तिला फुटलेल्या शिरा बारीक, त्यांच्या फांद्या केसाएवढ्या. पानाखाली अंथरलेल्या कापडाची वीणसुद्धा उमटलेली. जाडीतला हा चढउतार कोरणाऱ्याच्या हाताला साधत नाही, आणि तसंच दुसरं पान कुठे सापडायचं? छपाईच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी देखणी युक्ती मला दुसरी दिसत नाही.

कागदातही त्याने हुन्नर दाखवला. नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधकांनी या नोटा तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले: कागदात अभ्रकाच्या चकत्या आणि निळे धागे सापडले, काळ्या शाईत ग्रॅफाइट.

फ्रँकलिनचा भागीदार डेव्हिड हॉल याने ही विद्या पुढे चालवली. १७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्धासाठी वसाहतींच्या काँग्रेसने काढलेल्या नोटा हॉल अँड सेलर्सच्या छापखान्यात छापल्या गेल्या, तशीच पानं मागे घेऊन. त्या मात्र इतक्या छापाव्या लागल्या, की १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला चांदीचा एक डॉलर असा भाव ठरवला.