मोनेचं तळं

निसर्गप्रेमी चित्रकार म्हटला की आपल्यासमोर एक ठरावीक माणूस उभा राहतो. दाढी वाढलेली, खांद्याला झोळी, आणि स्वारी डोंगरदऱ्यांत निसर्ग शोधत फिरतेय. क्लोद मोनेच्या बाबतीत दाढी खरी होती, तरुणपणी तो भटकलाही भरपूर. पण ज्या वॉटर लिलीच्या चित्रांमुळे जग त्याला ओळखतं, तो निसर्ग त्याने शोधला नाही. चक्क बांधला! आणि सिव्हिलच्या मित्रांनो, त्यासाठी नदीचं पाणी वळवलं.

१८८३ मध्ये मोने फ्रान्समधल्या जिव्हर्नी या खेड्यात भाड्याने राहायला आला. चित्रं विकली जाऊ लागल्यावर १८९० मध्ये त्याने ते घर विकत घेतलं आणि १८९३ मध्ये रेल्वेलाइनच्या पलीकडचा जमिनीचा तुकडा. तिथून एप्त नदीचा एक छोटा फाटा जायचा. त्याचं पाणी आत घेऊन तळं करायचं आणि पुन्हा बाहेर सोडायचं, असा बेत. गावकरी खवळले. हा कुठली तरी परकी रोपं लावणार आणि आमचं पाणी नासणार, ही त्यांची भीती. मग सरकारदरबारी अर्ज, पत्रापत्री (हे सगळीकडे सारखंच दिसतं), आणि शेवटी परवानगी.

आता रोपांची गंमत. युरोपच्या थंडीत टिकणारी वॉटर लिली तेव्हा पांढरीच असायची. लातूर-मार्लियाक नावाच्या फ्रेंच नर्सरीवाल्याने संकर करून पिवळ्या, गुलाबी, लाल जाती काढल्या आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. आयफेल टॉवर ज्याच्यासाठी उभारला, तेच प्रदर्शन. मोनेने याच माणसाकडून रोपं मागवली. म्हणजे त्याच्या चित्रांतले ते गुलाबी ठिपके थोड्याच वर्षांपूर्वी तिथल्या कुठल्याच तळ्यात दिसले नसते. तळ्यावरचा पूल जपानी धाटणीचा, आणि मोने जपानला कधीच गेला नव्हता. त्याच्याकडे होकुसाई, हिरोशिगे वगैरेंची दोनशेहून जास्त छापील चित्रं होती, त्यांतून ही आवड आलेली. तळ्याची निगा राखायला वेगळा माळी होता. तो होडीतून फिरून पानं साफ करायचा.

काही जणांना हे ऐकून मोने नकली वाटतो. मला तो उलट जास्त आवडायला लागला. प्रेरणा यायची वाट बघत बसण्यापेक्षा तिच्यासाठी खड्डा खणणारा माणूस आपल्यातला वाटतो.

या तळ्याची त्याने जवळजवळ २५० चित्रं काढली. खरं तर तळ्याचीही नव्हेत, पाण्यावर पडणाऱ्या उजेडाची. ढग सरकला की रंग बदलणार, म्हणून एका वेळी अनेक कॅनव्हास चालू ठेवायचे आणि तास बदलला की कॅनव्हास बदलायचा.

आणि नेमक्या याच माणसाला १९१२ मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं कळलं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट, तपकिरी होतं आणि निळा, जांभळा प्रकाश अडतो. सगळं जग गढूळ चहातून बघितल्यासारखं. मोने ट्यूबवरची लेबलं वाचून रंग घ्यायचा, पॅलेटवर त्यांची जागा ठरलेली ठेवायचा. त्या काळातला त्याचा जपानी पूल बघा, हिरवं तळं जळत असल्यासारखं लालभडक आहे. ऑपरेशनला तो घाबरत होता. माजी पंतप्रधान क्लेमांसो त्याचा जिगरी दोस्त, त्याने मागे लागून लागून तयार केलं. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नवीनच त्रास सुरू झाला. सगळं निळं दिसायला लागलं! रंगीत काचांचे चष्मे लावून बघितले. त्याच अवस्थेत तो मोठ्या चित्रांवर काम करत राहिला.

ही चित्रं त्याने १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, देशाला देऊ केली होती. पण हातातून सुटेनात. डिसेंबर १९२६ मध्ये मोने गेला आणि १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरीत ती लागली. दोन लंबगोल खोल्या, आठ चित्रं, प्रत्येक साधारण दोन मीटर उंच. त्यांत क्षितिज नाही, आणि पाण्याचा काठही जवळजवळ कुठे सापडत नाही.