‘रणांगण’मधील बंदर : एक टिपण

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीचा विचार बहुधा चक्रधर आणि हॅर्टा यांच्या विफल प्रेमाच्या, अथवा नायकाच्या दोलायमान मनाच्या अनुषंगाने केला जातो. चक्रधर मुंबईस उतरतो. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा त्याच बोटीने पुढे जाते आणि अखेर आपले जीवन संपविते. ही ताटातूट मुंबई बंदरातच का घडावी, या प्रश्नाचे उत्तर केवळ नायकाच्या स्वभावात शोधणे पुरेसे नाही. ते तत्कालीन बंदरांच्या इतिहासातही शोधावे लागते.

१९३८ नंतर जेनोआ व त्रिएस्त येथून निघणाऱ्या इटालियन बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर या मार्गाने शांघायला जात. शांघायमध्ये उतरण्यास १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंत परवान्याची अट नव्हती. त्यामुळे १९३८ ते १९४१ या काळात सतरा-अठरा हजार निर्वासित तेथे पोहोचले. त्यांतील बहुसंख्य हाँगक्यू या दाट वस्तीच्या, गरीब चिनी भागात राहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानी सत्तेने त्याच भागात त्यांच्यासाठी सक्तीचे क्षेत्र आखले.

मुंबईत मात्र परवाना आणि निर्वाहाची हमी लागे. १९३४ मध्ये स्थापन झालेली ज्यू रिलीफ असोसिएशन अशी हमी देत असे. तरीही प्रवेश मिळाला तो थोड्यांनाच. त्यांतील व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर पुढे मुंबईतील नवचित्रकारांचे मार्गदर्शक ठरले. परंतु सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने जर्मन पारपत्रधारक ज्यूंनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक मानले आणि अनेकांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले.

या दोन बंदरांतील नाते जुने आहे. बगदादमधील छळामुळे बाहेर पडलेले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर (१८६१) त्यांनीच उभारले. त्यांच्या घराण्याने अफू व कापसाच्या व्यापारातून मुंबई-शांघाय मार्ग समृद्ध केला आणि त्याच घराण्यातील व्हिक्टर ससून यांनी १९३८ नंतर शांघायमधील आपल्या इमारतीत निर्वासितांना तात्पुरता आसरा दिला. एके काळी आश्रयार्थी म्हणून मुंबईत आलेल्या घराण्याचा वंशज परक्या बंदरात आश्रयदाता झाला, तेव्हा खुद्द मुंबईचे दार जवळजवळ बंद होते.

या पार्श्वभूमीवर चक्रधरचे उतरणे वेगळा अर्थ धारण करते. तो परतंत्र देशाचा रहिवासी आहे. तथापि मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवण्याचा अधिकार त्याला आहे, हॅर्टाला नाही. तो अधिकार तिला देणे त्याच्या हाती नाही, कारण दार त्याच्या घराचे असले तरी किल्ली इंग्रजांकडे आहे. अर्थात, म्हणून त्याचे कचरणे क्षम्य ठरत नाही. लेखकाने व्यक्तीचा दुबळेपणा आणि राजसत्तेची निष्ठुरता एकाच क्षणी, एकाच जागी आणून ठेवली आहे. शीर्षकातील रणांगण युरोपात आणि माणसाच्या मनात आहे, हे खरेच; त्याची एक सीमा मुंबईच्या धक्क्यालाही लागते, एवढे येथे सुचवावयाचे आहे.